उत्तरांची पानं कापण्याबद्दल

आदरणीय अर्डिथताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. माझ्या दोन हातांनी आजवर पुरं झालेलं काम येणेप्रमाणे: काळ्या अक्रोडाचं टेबल, आठ फूट दोन इंच लांबीचं, एक. त्याच्याभोवतीच्या खुर्च्या, सहा (पाच सारख्या, सहावीबद्दल मागाहून). कोंबड्यांचं खुराडं, अकरा खणांचं, उतरत्या छपराचं, एक. चर्चमधलं प्रवचनाचं मेज, एक (ते करकरतं असं पाळकसाहेब म्हणतात. करकरतात ते त्यांचे बूट, मी खाली वाकून ऐकलंय). पवित्र शास्त्रातल्या मापाबरहुकूम नोहाचं तारू, शंभरास एक या प्रमाणात, चौपन्न इंच लांब, नऊ इंच रुंद, एक. आणि ज्यात बसून हे पत्र लिहितोय ते घर, एक, पुढच्या पायऱ्यांचा कठडा वगळून.

(कठडा होणार आहे.)

यादी आरंभालाच देण्याचं कारण असं की नाताळच्या कार्डावर तू एकच ओळ लिहिली होतीस: "हार्लन, सुरू सगळंच करतोस, पुरं काय केलंस?" कार्ड पोचलं. उत्तराला सहा महिने लागले, कारण यादी बिनचूक हवी होती. आता रीतीप्रमाणे विचारतो, तुझा गुडघा कसा आहे? शस्त्रक्रियेनंतर तुला सखल जागी बसवत नाही असं लिओटाकडून कळलं (तुम्हा नणंद-भावजयींचं फोनवर बोलणं चालतं हे मला ठाऊक आहे. मी पलीकडच्या खोलीत असतो, पण बहिरा नसतो). जॉप्लिनला उन्हाळा फार नाही ना? इकडे प्रभूच्या कृपेने सगळे धडधाकट आहेत. बाकी मात्र सगळं ठीक आहे असं म्हणता येणार नाही, ते सविस्तर सांगतो.

आमची थोरली तिघं याच टेबलावर घरी शिकली. शिकवलं लिओटाने. माझ्याकडे सकाळची प्रार्थना आणि टेबल डुगडुगू न देणं एवढी दोनच कामं होती, आणि दोन्हींबद्दल कधी तक्रार आली नाही. पण जानेवारीपासून लिओटा गावातल्या दाताच्या डॉक्टरांकडे कामाला जाते, त्यामुळे धाकटी तिर्झा (तेरा पुरी, आठवीत) माझ्या वाट्याला आली. मी म्हटलं, त्यात काय अवघड? आठवीतून मी शाळा सोडली हे खरं, पण शेवटची इयत्ता असल्यामुळे ती मला चांगली आठवते. शिवाय पुढचं सगळं मी माझं मी शिकलो: वीज, नळ, सुतारकाम आणि हिब्रू वर्णमाला निम्मी.

गणिताचं पुस्तक आमच्याच चर्चच्या तळघरातल्या विक्रीतून आणलं. तिथे ज्या घरची मुलं पुढे गेली ती घरं पुस्तकं मांडून बसतात आणि ज्यांची मागून येताहेत ती उचलतात. नोला बाई म्हणाल्या, "हार्लनभाऊ, हेच न्या. माझी पाच यावर शिकली." (पाचव्याने नांगरटीचं यंत्र तळ्यात घातलं, पण तो गणिताचा दोष म्हणता येणार नाही.) पुस्तक दिसायला चांगलं होतं. दर पानाच्या माथ्यावर वचन, पायथ्याशी उदाहरणं. दोष एकच, पाठीमागे सव्वीस पानं उत्तरं. आता देवाला भिणाऱ्या घरात मोह असा हाताच्या अंतरावर ठेवून मुलीला त्याच्या समोर बसवायचं, हे मला पटेना. मी पोलादी पट्टी लावली, वस्तरा घेतला आणि सव्वीसही पानं अशी कापली की पुस्तकालासुद्धा कळलं नसेल. त्या आठवड्यात थंडी कडाक्याची होती, खुराड्यात अंथरायला काही नव्हतं. मी त्या पानांच्या पट्ट्या केल्या आणि अकराही खणांत घातल्या. म्हणजे आठवीच्या गणिताची सगळी उत्तरं कोंबड्यांकडे गेली. (त्या महिन्यात अंडी वाढली. दोन्हींचा संबंध आहे असा माझा दावा नाही.)

पहिली कुरबूर बाविसाव्या धड्यात झाली. उदाहरण असं: पाच भाकरी पाच हजार जणांत सारख्या वाटल्या, तर प्रत्येकाला किती? तिर्झाने लिहिलं, एक हजारांश भाकर. मग पेन्सिल चावत मला विचारलं, "बाबा, मग शास्त्रात सगळे पोटभर जेवून वर बारा टोपल्या उरल्या त्या कशा?"

मी म्हटलं, "तोच तर चमत्कार."

"मग त्याचं गणित कशाला घातलं?"

ताई, माझी श्रद्धा तुला माहीत आहे, ती तसूभर हलली नाही. पण चमत्काराला भागाकार लावणाऱ्या माणसाला ना चमत्कार कळला ना भागाकार, असं माझं तेव्हापासून ठाम मत आहे. तिर्झाच्या प्रश्नाला पुस्तकाने काय उत्तर दिलं होतं ते मात्र आता कोंबड्यांनाच ठाऊक.

तिसाव्या धड्यापर्यंत मी प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवून तपासलं, हे शपथेवर सांगतो. एकतिसाव्यात आकड्यांमध्ये अक्षरं शिरली. सुरुवातीला एकच होतं, त्याच्याशी मी जमवून घेतलं. मग दुसरं आलं, मग दोन्ही एका कंसात जाऊन बसली. तिथून पुढे मी (हे लिहिताना हात जड होतोय, पण तपशील म्हणजे तपशील) मांडणी पाहून खुणा करू लागलो. उत्तर सुबक दिसलं, खाली दोन सरळ रेघा असल्या, की बरोबर. फर्निचरला ही पद्धत चालते.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी, जेवणं चालू असताना, तिर्झाने वही आईसमोर ठेवली. धडा सत्तेचाळीस, उदाहरणं दहा. दहाही उत्तरं अकरा. दहांपुढेही माझी बरोबरची खूण, आणि खाली माझ्याच हातचा शेरा, 'अक्षर सुरेख.'

"मी आठ दिवस सलग अकराच लिहितेय," तिर्झा म्हणाली.

लिओटाने विचारलं, "अकरा काय?"

"आपल्या कोंबड्या."

लिओटाने काटा खाली ठेवला. ती रागावली की आवाज चढवत नाही, उतरवते. मला पुढे झुकून ऐकावं लागलं. "पंधरा ऑगस्टला सरकारी शाळेची पिवळी बस आपल्या पत्रपेटीपाशी थांबेल. तोवर धड पुस्तक आण आणि ते शिकवणारं माणूसही पक्कं कर. नाहीतर पोरगी बसमध्ये."

मी तिर्झाकडे पाहिलं. वाटलं होतं, रडेल. ती म्हणाली, "मला बसची भीती नाही, बाबा. मला इथेच शिकायचंय, या टेबलावर. पण मला खोटं 'बरोबर' नको."

ताई, प्रवचनं मी पुष्कळ ऐकली आहेत. एवढं लहान आणि एवढं लागलेलं दुसरं नाही.

तेव्हा मी कंबर कसली. जूनमध्ये स्प्रिंगफील्डला घरी शिकवणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी पुस्तकांचा मोठा मेळावा भरतो, दोनशेवर दुकानं. मी मोजपट्टी, भिंग आणि कानावर पेन्सिल अशा तयारीने गेलो. पहिल्याच दुकानात आठवीचा पूर्ण संच होता, मुखपृष्ठावर नोहाचं तारू. शास्त्रात स्वच्छ दिलंय, तीनशे हात लांब, पन्नास रुंद, तीस उंच. मी चित्राला पट्टी लावली. लांबी सव्वाआठ इंच. म्हणजे उंची इंचाच्या आत हवी. होती चार! शिवाय जिराफांच्या माना बाहेर. मी दुकानदाराला म्हटलं, या मापाचं तारू पहिल्या लाटेला उलटं होईल. तो टाय सारखा करत म्हणाला, "साहेब, हे लहान मुलांसाठी आहे."

"लहान मुलं बुडत नाहीत का?"

दुसरीकडे इतिहासाच्या पुस्तकात योसेफाची सुतारशाळा रंगवली होती. योसेफाने रंधा उलटा धरलेला. ज्याच्या हाताखाली आपला प्रभू काम शिकला, त्याला रंधा धरता येत नाही असं दाखवायचं? वर बाकावर चौफुलीच्या खाचेचा स्क्रू, जो गेल्या शतकात निघाला! तिसरीकडे पुस्तकच नव्हतं, पडद्यावर एक गृहस्थ बीजगणित शिकवत होते आणि सारखे हसत होते. बीजगणित करताना हसणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. तिथल्या बाईंना मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला पुस्तक हवंय की चूक हवीय?" मी म्हटलं, पुस्तकच हवंय, पण चूक सापडली तर ती तिथेच टाकून जाणाऱ्यातला मी नाही. दुपारपर्यंत एकोणीस संच बाद झाले. लिओटा गाडीत बसून सँडविच खात होती. तिने एकोणीस हा आकडा ऐकला, माझ्या वाटणीचं सँडविच परत गुंडाळलं आणि म्हणाली, "विसावं बघून ये, मग देते."

विसावं अगदी कोपऱ्यात, स्वच्छतागृहाच्या दाराशी. एक म्हातारे गृहस्थ, एक घडीचं टेबल, तपकिरी पुठ्ठ्याचं एकच पुस्तक. पहिल्या पानावर चार शब्दांची प्रार्थना: देवा, खरं दिसू दे. पान उलटलं की थेट बीजगणित.

मी विचारलं, "चित्रं?"

"नाहीत."

"गाणी, गोष्टी?"

"नाहीत."

"मग मुलं करतात काय?"

"गणितं," म्हातारबुवा म्हणाले.

तिथल्या तिथे घेतलं. घरी आणून तीन दिवस तपासलं. जिथे अक्षरं येतात तिथे मला नुसतं बघावंच लागलं, पण शब्द, आकृत्या, मापं, पानांचे क्रमांक, कुठेही बोट ठेवायला जागा नाही (पान एकशे बारावरच्या एका स्वल्पविरामाबद्दल मी अजून साशंक आहे). चौथ्या दिवशी पोलादी पट्टी घेतली, वस्तरा घेतला, कारण तत्त्व ते तत्त्व, आणि पाठीमागचं पहिलं पान उघडलं. उत्तरं सुरू होतात त्याच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरांत, छापलं होतं: 'यातलं प्रत्येक उत्तर स्वतः सोडवून तपासणाऱ्या: श्रीमती अर्डिथ क्रॉसली, जॉप्लिन.'

मी वस्तरा मिटला.

गेल्याच्या गेल्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला, याच टेबलावर, मी म्हटलं होतं की तुम्ही सरकारी शाळावाल्यांनी देवाला दार दाखवलंत आणि त्याच्या जागी कॅल्क्युलेटर बसवलात. तू रुमालाची घडी घातलीस, ती टेबलावर ठेवलीस आणि जेवणानंतरचं गोड कापायच्या आधी निघून गेलीस (पेकनच्या दाण्यांचं होतं, मीच केलेलं). चौतीस वर्षं तू त्या शाळेत शिकवलंस. त्यातच कधीतरी, कुणीही न सांगता, घरी शिकणाऱ्या परक्या मुलांची उत्तरं एकेक करून सोडवत बसलीस. त्या दिवशी तुला हे एका वाक्यात सांगता आलं असतं, आणि माझं तोंड तिथेच मिटलं असतं. तू बोलली नाहीस. लिओटाला विचारलं, तर ती म्हणाली, "मला माहीत होतं. तू विचारलं नाहीस."

तिर्झाने नाव वाचलं. "ही आपली अर्डिथआत्या? बाबा, आत्याचं एकही चुकलं नाही?"

मी म्हटलं, एकही नाही. (स्वल्पविराम तिचा नसणार.)

असो. कागद संपत आला, यात आणखी खोल जात नाही. गुडघ्याला जप. औषधं वेळेवर घे.

तुझा भाऊ,
हार्लन प्रूइट

ता. क. उत्तरांची पानं जागच्या जागी आहेत. पण मला आता कळलंय की उत्तर असणं वेगळं आणि ते कसं आलं हे सांगता येणं वेगळं. तिर्झा नवव्या धड्यावर थांबलीय. मंगळवार आणि गुरुवार, सकाळी दहा. तुझ्या दारापासून माझ्या दारापर्यंत अठ्ठ्याण्णव मैल आणि चार दशांश. मी न्यायला येईन आणि पोचवायला येईन. गाडीला नव्या स्प्रिंगा बसवल्या आहेत, गुडघ्याला हिसका बसणार नाही. पंधरा ऑगस्टच्या आत कळव. नाही म्हणालीस तर तिर्झा बसमध्ये बसेल, आणि तिला मी सांगेन की दोष आत्याचा नाही.

ता. क. दुसरा. त्या दिवशी मी तुझ्यावर जी फुली मारली, ती सोडवून पाहिलेली नव्हती.

ता. क. तिसरा. हे पत्र लिहायला चार दिवस लागले. मधल्या वेळात पायऱ्यांचा कठडा झाला. चौतीस इंच उंच, चढताना उजव्या हाताला, कारण गुडघा उजवा. यादीत भर घालावी.

ता. क. चौथा. सहावी खुर्ची. बाकीच्यांची बैठक अठरा इंचांवर आहे, हिची पावणेवीस. तुझं ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात केली. परवा अंडी न्यायला एक बाई आल्या, त्यांचं शहरात जुन्या फर्निचरचं दुकान आहे. टेबलावरून हात फिरवला, खाली वाकून सांधे पाहिले (काय पाहायचं ते कळत होतं त्यांना) आणि विचारलं, "एकच खुर्ची उंच का हो?" मी म्हटलं, ती जागा भरलेली आहे. त्यांनी टेबल आणि सहाच्या सहा खुर्च्या मागितल्या. एकोणीसशे पन्नास डॉलर, ताई, रोख. मी नाही म्हटलं.