सर्वानुमते मंजूर

८ जुलै, मंगळवार
वसतिगृहाच्या बोअरची मोटार जळाली. पोरींना जुन्या विहिरीचं पाणी द्यायचं, असं मुख्याध्यापक पाटीलसरांनी सकाळीच ठरवलं. मीटिंग उद्या, पण प्रोसिडिंग आजच लिहून टाकलं: 'ठराव सर्वानुमते मंजूर.' स्टाफमध्ये माझंच अक्षर बरं, म्हणून हे काम माझ्या गळ्यात. कोणी काही बोललंच तर असावं म्हणून सह्यांच्या वर दोन ओळी कोऱ्या सोडतो. अठरा वर्षांत कधी लागल्या नाहीत. किनवटच्या या रानात आम्हा मास्तरांची पाच घरं म्हणजे एकच घर.

९ जुलै, बुधवार
मीटिंग. चहा, भजी. जूनमध्ये आलेल्या अधीक्षिका कांबळे मॅडम म्हणाल्या, "विहिरीमागेच संडासाचा खड्डा आहे. आधी पाणी तपासा, तोवर टँकर मागवा." जाधव मास्तर हसला. "मॅडम, बोअर नव्हता तवा आम्ही हेच पाणी पिलो. मेलं का कोण?" सगळे हसले. मीही. सर म्हणाले, "टँकर मागितला की वर बोंब होती. घरातलं घरात राहू द्या."
खड्ड्याचं माझ्याही मनात आलं होतं. पण हिच्या ऑपरेशनच्या वेळी जाधव नांदेडच्या दवाखान्यात अकरा दिवस फरशीवर झोपला, रक्त सरांनी दिलं. त्यांच्यासमोर तोंड कसं उघडू?
मी आधीच लिहिलेला ठराव मॅडमनी पाहिला, माझ्याकडे पाहिलं, सही केली. त्यांचं बोलणं लिहायचं राहिलं. राहिलं कसलं, लिहिलं नाही.

१४ जुलै, सोमवार
सहा पोरींना जुलाब. "पावसाळ्यात होतंच," सर म्हणाले. सगळ्यांच्या माना हलल्या. टेबलावर नजर गेली. सरांची, जाधवची, माझी, सगळ्यांच्या बाटल्या घरून भरलेल्या. मीटिंगपासून हेच चाललंय. कोणी कोणाला काही विचारलं नाही.

१७ जुलै, गुरुवार
रेणुकाला नांदेडला हलवलं. सातवीची. माझ्या तासाला फळा पुसायचा मान तिचाच. मॅडम सोबत गेल्या. जाताना टँकर त्यांनीच मागवला, कोणाला न विचारता.

१९ जुलै, शनिवार
रेणुका गेली.
बाप आला होता. रडला नाही. एवढंच विचारलं, "गुरुजी, पाणी कुठलं व्हतं?"
"बोअरचं," म्हणालो. जीभ झडली का नाही माझी.

२२ जुलै, मंगळवार
शुक्रवारी चौकशी. सरांच्या घरी बसलो, मॅडम सोडून सगळे. जाधव म्हणाला, "वसतिगृह मॅडमच्या ताब्यात. विरोध केला असता तर प्रोसिडिंगात आला नसता का? सही हाय त्यांची." सर माझ्याकडे वळले. "देवराव, अक्षर तुमचं हाय. झालं तेच लिव्हलं म्हणा, बस." कोणी नाही म्हणालं नाही. वहिनींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. जेवलो.

२४ जुलै, गुरुवार
मॅडम घरी आल्या. त्यांच्या निलंबनाचा कागद तयार आहे म्हणे.
"सर, मी बोलले होते. तुम्ही ऐकलंत ना?"
"हाव."
"मग उद्या सांगाल ना?"
तेवढ्यात ही चहा घेऊन आली. माझं उत्तर राहिलं. मॅडम चहा न घेताच गेल्या.
ही म्हणाली, "जाधव भाऊजींचा फोन होता. उद्या सगळ्यांनी एकाच गाडीत जायचं. तुमची जागा धरलीय."
प्रोसिडिंगचं रजिस्टर माझ्याकडेच आहे. दोन ओळी अजून कोऱ्या. मॅडमचं बोलणं मनात लिहून पाहिलं, तेवढ्या जागेत नीट बसतं. पेन काढून ठेवलंय. गाडी सकाळी नऊला येणार.