राहीची झोप आणि माझा बंदोबस्त

शुक्रवार, १ मार्च १९४६
पलटणीतून सुटून गावी आलो त्याला पंधरवडा झाला. आजपासून डायरी. कारण, घरात शिस्त नाही. लढाईवर गेलो तेव्हा माझी पोरगी राही आईच्या पोटात होती. आता साडेतीन वर्षांची आहे आणि रात्री झोपत नाही. मधेच दचकून उठते, रडते, सगळं घर जागं करते. असं माझी आई आणि बायको चंद्रा दोघी सांगतात. मला स्वतःला काही ऐकू येत नाही. माझी झोप सोल्जरची. पडलो की एकदम सकाळी.

पोरीला माझा लळा मात्र चांगला लागलाय. मला 'पाव्हणं' म्हणते. लांबूनच म्हणते. रिस्पेक्ट आहे.

ठराव: आठवड्यात पोरगी लाइनीवर आणणे. इटलीत नेपल्सजवळच्या डेपोत अख्खं ब्लँकेट-स्टोअर माझ्या एका शिट्टीवर झोपायचं. ही तर एकटीच आहे, आणि माझ्या गुडघ्याला लागते.

रविवार, ३ मार्च
राही आजीच्या कुशीत झोपते. चुकीची पद्धत. अशानं माणूस मऊ पडतो. पलटणीतून आणलेली घडीची खाट काढली, माझ्या अंथरुणाशेजारी लावली, वर मच्छरदाणी. राहीला खाटेवर ठेवलं आणि शिट्टी दिली. ती खाटेखाली गेली. म्हटलं, हरकत नाही. खाट तीच, फक्त मजला वेगळा. सुरुवात चांगली.

सोमवार, ४ मार्च. सकाळी
चंद्राचे डोळे सुजलेत. राही रात्री पुन्हा पुन्हा उठली म्हणे. 'आवं, रागावणार नसला तर येक बोलू का,' असं चंद्रा म्हणत होती. मी म्हटलं, तक्रार असेल तर प्रॉपर चॅनेलनं आली पाहिजे, म्हणजे आईमार्फत. आईला विचारलं. आई म्हणाली, 'मला कायबी सांगायचं न्हाई.' आणि चंद्राकडं डोळे वटारून बघितलं. प्रकरण निकालात.

बुधवार, ६ मार्च
कारण सापडलं. कुत्रं. काळ्या रोज मध्यरात्री एकाएकी भुंकतो आणि पोरगी उठते. कुत्र्याला शिस्त लावायला वेळ नाही. जतकडचा एक धनगर मेंढरं घेऊन चालला होता, त्याला देऊन टाकला. काळ्या एकदाही मागं न बघता गेला. उलट पळतच गेला. बेइमान जात.

शुक्रवार, ८ मार्च
कुत्रं गेलं तरी राही उठतेच. सवय लागली असणार. हळूहळू सुटेल.

शेजारच्या नाथाजी तात्यांची मात्र काळजी वाटते. पहिल्या लढाईचे पेन्शनर. त्यांची सून सांगत होती, म्हातारा हल्ली झोपेतून उठून अंगणात ताठ उभा राहतो. हात पँटच्या शिवणीला लावल्यासारखे, धोतरावर. का म्हणून विचारलं तर म्हणतात, 'फॉल इन झालं न्हवं?' माणूस म्हातारा झाला की डोकं असं फिरतं. वाईट वाटलं. त्यांना भेटून धीर दिला. ते माझ्याकडं फार प्रेमानं बघत होते.

रविवार, १० मार्च
आईनं भामाबाईला बोलावलं, पोरीची दृष्ट काढायला. मी विरोध नोंदवला आणि ऑब्झर्व्हर म्हणून बसलो. भामाबाईनं मीठमिरच्या राहीवरून ओवाळून चुलीत टाकल्या. सगळ्यांना असा ठसका लागला की घराबाहेर पळालो. म्हणजे पोरीला काही लागलेलं नाही. मग तिनं मला न विचारता माझ्यावरून ओवाळल्या. त्या मिरच्या जळून कोळसा झाल्या तरी कुणाला ठसका लागला नाही. तिघी बायका माझ्याकडं बघत बसल्या. भामाबाई म्हणाली, लय लांबची लागलीया. अडाणीपणाला सीमा नाही.

ठराव: आता सायंटिफिक मार्ग. सांगलीला डॉक्टर विष्णुपंत म्हणून लहान मुलांचे नामांकित डॉक्टर आहेत. पोरीला त्यांच्यापुढं हजर करणे.

गुरुवार, १४ मार्च. सांगलीहून परत आल्यावर
सर्व्हिस मोटारीनं गेलो. मी, चंद्रा, राही. राही सगळी वाट चंद्राच्या मांडीवर झोपली. मी जागा होतो, मोटारीत माझा डोळा लागत नाही. तिची केस आता दिवसा झोपण्यापर्यंत बिघडली आहे, अशी नोंद घेतली.

डॉक्टर सज्जन. पोरीची जीभ, पोट, कान सगळं बघितलं. राहीनं त्यांना आमच्या म्हशीचं नाव सांगितलं आणि त्यांच्या बायकोचं नाव विचारलं. मी हातात लेखी रिपोर्ट घेऊन उभा होतो तो त्यांनी वाचला नाही. राहीला विचारलं, 'बाळ, रात्री कशाची भीती वाटते गं?' राहीनं बोट केलं ते माझ्याकडं. माझ्या मागं भिंतीवर माणसाच्या सांगाड्याचं चित्र होतं, ते असणार.

मग डॉक्टरांनी चंद्राला विचारलं, हे कधीपासून. प्रॉपर चॅनेल सोडून. आणि चंद्रा, जी माझ्यासमोर कधी मान वर करत नाही, ती बोलायला लागली ती थांबेचना. 'डाक्टरसायेब, पोरगी आदी झ्याक निजायची. ह्ये आल्यापास्नं उठती. ह्ये झोपंत वरडत्यात. फॉल इन म्हंत्यात, आन् मंग भाईर काडा, भाईर काडा म्हून किंचाळत्यात. पोर भेदरून बसती. कुत्रं बी त्येच्यामुळंच भुकायचं. सासूबाई म्हणल्या, त्येला सांगू नगंस, जिवाला लावून घील. पोरगी रोज इच्यारती, पाव्हणं कवा जाणार?'

मी म्हटलं, हे अशक्य आहे, मी ऐकलं असतं. डॉक्टर म्हणाले, 'हवालदारसाहेब, तिकडं काही झालं होतं का?' मी म्हटलं, विशेष काही नाही. एका रात्री डेपोवर बॉम्ब पडला, तेवढंच. ब्लँकेटं जळाली. आत दोन माणसं होती.

 डॉक्टरांनी एक बाटली दिली. म्हणाले, रोज जेवणानंतर एक चमचा, आणि हे तुम्ही घ्यायचं. पोरगी ठणठणीत आहे, तिला आजीजवळ झोपू द्या. तुम्ही थोडे दिवस दुसरीकडं झोपा. शिट्टी बंद. आणि त्या दोन माणसांविषयी घरात कुणाशी तरी बोला.

थोडक्यात, डॉक्टर माझ्या मताशी सहमत आहेत. झोपेची जागा बदलली पाहिजे, हे मीच प्रथम म्हणालो होतो. बाटलीचं म्हणाल तर पलटणीतही क्विनीन धडधाकट माणसालाच देत.

शुक्रवार, १५ मार्च
मळ्यातल्या खोपीत नाइट गार्ड ड्यूटी घेतली. उसात डुकरं शिरतात. आमच्या उसात अजून शिरलेली नाहीत, पण प्रिकॉशन म्हणून.

जाताना नाथाजी तात्यांना सहज विचारलं, मी रात्री ओरडतो का. तात्या म्हणाले, 'आवाज लय चांगला हाय तुजा, मानसिंगा. आमच्या सुभेदाराची याद येती.'

सोमवार, १८ मार्च
रिपोर्ट: राही पहिल्या रात्रीपासून एकसलग झोपते आहे. माझी योजना यशस्वी. नाथाजी तात्यांचं डोकंही ठिकाणावर आलं, फक्त जरा उदास दिसतात.

मी झोपत नाही. गार्डनं झोपणं गुन्हा आहे. बाटली घेतो, आणि मग उठून उसाला चक्कर मारतो. त्या दोघांविषयी कुणाशी बोललो नाही. बोलण्यासारखं काय आहे त्यात? एक पलूसकडचाच होता. मीच त्याला आत पाठवलं होतं, ब्लँकेटं बाहेर काढायला.

गुरुवार, २१ मार्च
दुपारी चंद्रा भाकरी घेऊन आली, बरोबर राही. मी आंब्याखाली जरा टेकलो होतो. झोपलो नव्हतो. चंद्राचं म्हणणं, झोपला होता आणि ओरडत होता. राही आधी पळाली, मग परत आली. मला लांबून बघत उभी राहिली आणि चंद्राला म्हणाली, 'ह्यो झोपंत भितो.' चंद्रा व्हय म्हणाली. राहीनं विचारलं, 'ह्याची आय कुटं हाय?' चंद्रानं सांगितलं, आजीच ह्यांची आय. राहीला ते अजिबात पटेना. पुष्कळ विचार करून म्हणाली, 'मंग आजी ह्याला जवळ का घेत न्हाई?'

चंद्रा हे सगळं भाकरी वाढता वाढता सांगत होती आणि हसत होती. मग हसायची थांबली. मीही जेवलो नाही फारसा. तिला पलूसच्या पोराचं नाव सांगितलं. रंगराव. का सांगितलं कळत नाही. ती ऐकत बसली, भाकरी वाळून गेली.

ठराव: दुपारी न झोपणे.

शुक्रवार, २२ मार्च
काल दिवेलागणीला आई मळ्यात आली. काखेत वाकळ. म्हटलं, घरी काय झालं. म्हणाली, 'राहीनं धाडलंया. त्येच्याजवळ निज म्हणली.' मी म्हटलं, मी हवालदार आहे, मला असल्या गोष्टीची जरुरी नाही, आणि पोरगी तुझ्याशिवाय कशी झोपेल. आई म्हणाली, 'ती निजली चंद्राजवळ. तू पड गुमान.'

पडलो. आईचा हात पाठीवर होता. उसाला चक्कर मारायची राहिली.

उठलो तेव्हा ऊन खोपीत आलं होतं. पलटणीत असतो तर कोर्ट मार्शल झालं असतं. आईला विचारलं, ओरडलो का. म्हणाली, 'वरडलास की. मंग निजलास.'

ती घरी गेली. राही उंबऱ्यात वाटच बघत होती म्हणे. पहिला प्रश्न, 'निजला का त्यो?' आई म्हणाली, 'निजला.' राही म्हणाली, 'मंग आज बी जा.'

वरून आलेला हुकूम मी आजवर कधी मोडलेला नाही.