दोन नंबरच्या होल्डमधले सिमेंट

मी, खाली सही करणारा, जहाजावरचा निवृत्त सुतार, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे डोके फिरले आहे असे माझा थोरला मुलगा म्हणतो, म्हणून डॉक्टरांनाच साक्षीला आणले आहे.

१. राहते घर थोरल्याला. मात्र त्याने भंगारात घेतलेल्या मालवाहू जहाजाच्या दोन नंबरच्या होल्डमधले, म्हणजे माल भरायच्या तळकोठारातले, सिमेंट लष्कराच्या जाणत्या माणसांकडून काढून घेतल्यावरच. त्याआधी तिथे घण किंवा गॅस-कटर चालला, तर घर सूनबाईंना. तेव्हा त्यांना दुसरा आधार उरणार नाही.

२. कारण नोंदवतो. युद्धात या जहाजातून आम्ही गहू नेत होतो. धक्क्यावर विमाने आली, एक बॉम्ब डेक फोडून तळात रुतला आणि फुटला नाही. भोकातून पाणी चढू लागले. सोबतच्या जहाजांचा ताफा थांबणार नव्हता. कप्तान म्हणाले, "सुतार, झाकून टाक." गळतीवर करतात तशी मी भोवती फळ्यांची चौकट ठोकली आणि बॉम्बसकट सिमेंट ओतले. ओठांत धरलेले खिळे भीतीने गळून पडत होते. त्यावरच गहू रचून आम्ही निघालो.

३. पुढे जहाजाने खत, लाकूड, गुरे वाहिली. मालक बदलले, रंग बदलले. प्रत्येक मालकाला मी सांगितले. उत्तर एकच : "तरंगतंय ना? मग राहू दे."

४. हत्यारे मुलीला. थोरल्याला रंधासुद्धा देऊ नये, त्याने माझ्या रंध्याने खिळे तासले आहेत.

५. माझी बायको या जहाजाला सवत म्हणे. थोरला म्हणतो, "बाबा, आईची सवत तुटताना बघवत नाही, म्हणून तुम्हाला बॉम्ब सुचतोय." बघवत नाही हे खरे. पण बॉम्बही खरा आहे. तळ तोडताना पहिला घाव मालकाने जुन्या सिमेंटवर घालायचा, ही तोडणाऱ्यांची रीत. उद्या तो घाव माझा मुलगा घालणार. मला त्याची फार भीती वाटते. म्हणून मी इथून उठणार नाही.

ठिकाण : होल्ड नंबर दोन, त्याच सिमेंटवर बसून.
दिनांक : घावाच्या आदल्या दिवशी, दुपारी.

(सही) सुतार

साक्षीदार :
१. डॉक्टर
२. 'वाघ', थोरल्याचा भागीदार, माझ्या बॉम्बला सगळ्यांत मोठ्याने हसणारा.

दोघे वरून वाकून मला सही करताना पाहत आहेत. त्यांच्या सहीसाठी कागद दोरीने वर पाठवत आहे. शिडी भक्कम आहे, तरी वाघ खाली यायला तयार नाही. थोरल्या, माझे ऐकू नकोस. त्याचे पाय बघ.