बर्फाचं निमित्त

स्टुटगार्ट,
२ डिसेंबर २००५

प्रिय कुसुम,

सुतकाच्या दिवसांत क्षेमकुशल लिहू नये म्हणतात, तरी लिहिते. ऊर्मिला ठीक आहे. डॉक्टरांनी अजून पलंगावरून उठायला बंदी केली आहे, पण बाळ पोटात छान लाथा मारतंय. सुधीररावांचा खोकला कसा आहे?

इथल्या हवेचं काय सांगू! तीन आठवडे टीव्हीवरच्या नकाशात उत्तरेकडच्या समुद्रावरून पांढरा भोवरा निघतो आणि अख्खा देश ओलांडून आमच्या टेकडीवर येऊन बसतो. आधी वारा, मग पाऊस, आणि झाडांवर पानं असतानाच बर्फ. जावई कामासाठी उत्तरेला गेले होते. तिथे विजेच्या तारा तुटल्या, रेल्वे बंद पडली, चार दिवस तिकडेच अडकले. मी या तीन खोल्यांत. खिडकीतून समोरची खिडकी दिसते, तिच्यातून एक म्हातारी मला बघते.

इथे दर आठवड्याला एकेका बिऱ्हाडाची पाळी असते. दाराला पाटी लागते. मग जिना आपण पुसायचा, बर्फ पडला तर सकाळी सातच्या आत वाट मोकळी करायची. आमची पाळी रविवारी संपली, पण मी रोज फावडं घेऊन उतरते. काल खालच्या फ्राउ केलर कमरेवर हात ठेवून काहीतरी ओरडल्या. ऊर्मिला पलंगावरून हसत म्हणाली, “आई, त्या म्हणताहेत, हा आठवडा माझा आहे, माझा बर्फ मला द्या.”

त्यांना काय सांगू? हात रिकामे राहिले की तुझा सोमवारचा फोन आठवतो. आईला पोचवून आल्यावर प्रतापकाका सगळ्यांसमोर म्हणाले, “थोरलीला आईपेक्षा जर्मनी प्यारी.” आणि तू त्यांच्यावर कडाडलीस, “काका, ताईचं विमान बर्फामुळे रद्द झालं. ती तिकडे तडफडतेय, तुम्ही इथे बसून बोलू नका.”

कुसुम, विमान रद्द झालं नव्हतं. ते फ्रांकफुर्टहून वेळेवर सुटलं.

शाळेत शुक्रवारी ख्रिश्चन मुली कन्फेशनला आत जायच्या आणि आपण दोघी बाहेर चिंचेखाली थांबायचो. तू म्हणायचीस, “या सुटल्या, आपण अडकलो.” आज मला ते दार हवं होतं.

गेल्या शुक्रवारी, तुझ्याकडे निघायच्या दिवशी, वाट मीच साफ केली होती. टॅक्सी नीट चढण चढून आली. फ्राउ केलर ऊर्मिलाजवळ बसणार होत्या. मी ऊर्मिलाला म्हटलं, एकदा देश सोडला की हा व्हिसा संपतो, तुझ्या बाळंतपणाला मला येता येणार नाही. ती म्हणाली, “अगं आई, सासूबाई येतील ना. आजी वाट बघतेय, जा तू.” टॅक्सीवाल्याने बॅग डिकीत ठेवली. मी ती परत काढायला लावली. वर आले आणि तुला फोन केला.

ऑक्टोबरमध्ये इकडे यायला निघताना आईच्या खोलीत गेले होते. बाहेर येऊन तुला म्हटलं, झोपलीय. ती जागी होती. माझ्याकडे नीट बघून म्हणाली, “बाई, जरा आमच्या कुसुमला बोलवता का?”

ते पुन्हा ऐकायची हिंमत झाली नाही. नऊ वर्षं तिचं सगळं तू केलंस, आणि मला तेवढं एक वाक्य सोसवलं नाही. हवेला, व्हिसाला, लेकीला, सगळ्यांना पुढे केलं. इथे मला कुणीही कोंडलेलं नाही.

हे मुद्दाम पत्रात लिहिते आहे. फोनवर तू लगेच “जाऊ दे गं” म्हणाली असतीस आणि मी ते घेऊन टाकलं असतं. हे पोचेल तोवर तेरावं झालेलं असेल. काकांना सांग, ते खरं बोलले. नाही सांगितलंस तर मी आल्यावर सांगेन. जानेवारीच्या मध्याला येते आहे. घ्यायला कुणाला पाठवू नकोस.

‘ताई’ लिहायला हात धजत नाही.

शोभना