आधी हात वर कर

प्रिय भिंगरी,

पाकिटावर काकाने तुझं पुरं नाव आणि हुद्दा लिहिलाय, पण आत मी भिंगरीच लिहिणार. तुझ्या कचेरीत कुणी वाचलं तर वाचू दे. चालायला लागल्यापासून एका जागी न टिकणारी माझी नात आता सभागृहात खुर्चीवर बसते, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला इतक्यांदा सांगितलंय की दूधवाला आता बाटली ठेवून पळ काढतो. तुझा निवडणुकीतला फोटो अजून समोरच्या खांबावर आहे. उन्हाने विटलाय, पण नाक शाबूत आहे. नाक तुझ्या आजोबांचं, त्याला ऊन काय करणार.

मी हल्ली खाली दुकानातच झोपते. जिना कुरकुरतो, म्हणजे जिना नाही, मीच. आजोबांच्या कामाच्या टेबलाशेजारी काकाने खाट टाकून दिली. कितीही झाडा, कोपऱ्यातून अजून भुसा निघतो. रंधा, पटाशी, करवत, सगळं भिंतीवर जिथल्या तिथे आहे. सरसाचा वास मात्र गेला. लग्न होऊन आले तेव्हा त्या वासाने मला मळमळायचं, आता तो नाही म्हणून चुकल्यासारखं होतं. माणसाचं काही खरं नाही.

हां, स्टुलांचं सांगायचं होतं. तू भाषणात ती गोष्ट सांगतेस, टाळ्याही घेतेस, पण शेवट तुला कुणी सांगितलेला नाही. आपल्या गल्लीतल्या शाळेतलं मतदान बंद केलं आणि सगळ्यांना नदीपलीकडच्या एकाच हॉलमध्ये पाठवलं, त्या दिवसाची गोष्ट. रांग पार पुलापर्यंत आली होती. आजोबांनी दुकानातली सगळी स्टुलं हातगाडीवर घातली आणि म्हाताऱ्यांना, पोटुशींना वाटत सुटले. तिथला साहेब आला, म्हणाला, हे मतदारांना आमिष आहे, उचला. आजोबा म्हणाले, साहेब, खोक्यांचं लाकूड आहे, सागवान असतं तर आमिष म्हटलं असतं. लोक हसले, पण स्टुलं उचलावीच लागली. इथपर्यंत तुला ठाऊक आहे. पुढे असं झालं की गाडी घरी लावून ते परत गेले आणि रांगेच्या शेवटी उभे राहिले. दाराशी पोचतात तोवर वेळ संपली आणि दार लागलं. घरी आले, हातपाय धुतले, आणि शाई न लागलेल्या बोटाकडे बघत इथेच बसून राहिले. पुढच्या खेपेला लवकर जाऊ, एवढंच बोलले. पुढची खेप काही त्यांच्या वाट्याला आली नाही.

त्यानंतर तो रांगेचा कायदा सभागृहात आला आणि पडला. मागणं किती साधं होतं बघ. रांगेत उभ्या असलेल्याला परत पाठवायचं नाही, मत द्यायची जागा चालत जाता येईल इतकी जवळ हवी, म्हाताऱ्याला बसायला काहीतरी हवं. पण आपल्या बाजूची माणसं कमी पडली. म्हणून तर तू उभी राहिलीस. यंदा मीही गेले मत द्यायला, शेजारणीच्या खांद्याला धरून. रांग तेवढीच होती. ती सारखी विचारायची, मावशी, घरी जाऊ या का. मी म्हटलं, तुला जायचं तर जा, खांदा तेवढा ठेवून जा. बोटाला शाई लागली ती घरी येऊन आजोबांच्या फोटोला दाखवली. आता आपली माणसं वाढली, पण काका म्हणतो बहुमत काठावरचंच आहे, एक जण कमी पडला तरी पुन्हा पहिल्यासारखं होईल.

जेवण हल्ली फारसं जात नाही. डॉक्टरीण तुझ्याच वयाची आहे, हात गार, बोलणं गोड. परवा तिने काकाला बाहेर नेऊन काहीतरी सांगितलं. तेव्हापासून तो न गळणारे नळ दुरुस्त करतो, नसलेली धूळ पुसतो, आणि मग खाटेपाशी येऊन बसतो. बूड टेकायला ज्याला कधी सवड नव्हती, तो माझा मुलगा नुसता बसून राहतो म्हटल्यावर मला कळायचं ते कळलं.

म्हणून हे पत्र. काका तुला फोन करील, मिळेल त्या गाडीने निघ म्हणेल. मी त्याला अडवलं नाही, त्याला राहवणार नाही. पण तोच कायदा पुन्हा आलाय, त्याचं मतदान पुढच्या आठवड्यात आहे, मी रेडिओवर ऐकलंय. तू निघू नकोस. तुझ्या आजोबांना लोकांखालची स्टुलं काढून न्यावी लागली. तुला बसायला खुर्ची मिळालीय, ती त्या दिवशी माझ्यापायी रिकामी ठेवू नकोस. आधी हात वर कर, मग ये. तोवर मी थांबते. निदान थांबायचं मनात तरी धरते, रांगेत उभं राहायची सवय आहे मला. आणि समजा माझंही दार आधीच लागलं, तर रडून घे, पण काकावर रागावू नकोस, तुला थांबवलं ते मी. खाटेजवळ एक स्टूल ठेवायला सांगितलंय मी, तुझ्यासाठी.

तुझीच,
खांबावरच्या फोटोची आजी