परक्यासाठी ताजं पाणी

२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघे दुखतात म्हणतोस आणि दिवसभर दुकानात बॅटऱ्यांपुढे उकिडवा बसतोस. मग दुखतील नाही तर काय करतील! इकडे माझं शिवणकाम चालू आहे, डोळे साथ देतात तोवर. सूनबाईला सकाळची पाळी, त्यामुळे छकुलीचं सगळं माझ्याकडे. आता दोन वर्षांची होईल. महाराणींना दूध माझ्याच हातचं लागतं, आईनं दिलं तर तोंड फिरवते.

फक्त बोलायची थांबली आहे. मागे 'आजी', 'दे', 'भूर' म्हणायची, आता नुसतं बोट दाखवते. पोट धरून कळवळते, धड जेवत नाही. तिचे आजोबा तरी कुठे बोलायचे म्हणा. त्यांच्या तोंडून शब्द काढता काढता माझा जन्म गेला.

तुमच्या गल्लीत शिशाचे पाईप निघाले म्हणून तू इकडची चौकशी केलीस. आपल्याला काळजी नको. गेल्या वर्षी पाणीखात्याचा माणूस तपासणीसाठी घरोघरी बाटल्या देऊन गेला. सकाळचं अगदी पहिलं पाणी भरा म्हणाला. आता रात्रभर नळात राहिलेलं शिळं पाणी परक्याच्या हाती कसं द्यायचं, तूच सांग. ते मी नेहमीसारखं छकुलीच्या दुधाला घेतलं. आपण घरचे, उकळून घेतो. मग दोन बादल्या वाहू दिल्या, बाटली घासून लख्ख केली आणि ताजं पाणी भरलं. आपलं पाणी उत्तम निघालं! शेजारणीचं खराब निघालं, पाईप बदलायला तिच्या दारात खोदाखोद झाली. अजून माझ्याकडे बघून नाक मुरडते.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं आणि दुकान बंद करून घरी आलो. रागावू नकोस, पण पाहुण्यांसाठी ठेवणीतले कप काढावेत तसं तू त्या बाटलीचं केलंस. अगं, पाईप शिशाचा असला तर शिसं रात्रभर उभ्या राहिलेल्या पाण्यात उतरतं. म्हणून तर त्याला पहिलं पाणी हवं होतं. आणि उकळून ते जात नाही. पाणी आटतं, शिसं तेवढंच राहतं.

जिन्याखाली जिथे पाईप घरात शिरतो तिथे तुझं सुया उचलायचं लोहचुंबक लाव. चिकटलं तर लोखंड, आणि मग मला पोटभर शिव्या दे. नाही चिकटलं तर कात्रीच्या टोकानं रंग खरवड. तांबूस निघालं तर तांबं. मऊ लागलं आणि चांदीसारखं चकाकलं तर शिसं. माझे हात आयुष्यभर बॅटऱ्यांच्या शिशातच आहेत, ताई, मी उगाच घाबरवत नाही. पाईप काहीही निघो, आजपासून त्या नळाचा थेंब छकुलीला देऊ नका. तिचं रक्त तपासून घ्या.

माझं म्हणणं खोटं ठरू दे. उलट टपाली कळव.
तुझा धाकटा

१४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

चुंबक पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. कात्री साबणात शिरावी तशी शिरली. फडक्यानं पुसून पाहिलं, काही उपयोग झाला नाही, चकाकतच होतं.

मुलाला आणि सूनबाईला तिथेच उभं करून सगळं सांगितलं, बाटलीचंही. मुलगा बाहेर निघून गेला. सूनबाईनं एवढंच विचारलं की, रोज सकाळी का. मी हो म्हटलं.

उद्या रक्त देणार आहेत. मला सोबत नेत नाहीत.
ताई

२० मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आई आता लिहीत नाहीत, म्हणून सूनबाईचं पत्र. छकुलीच्या रक्तात शिसं फार निघालं. औषध सुरू आहे. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की, रक्तातलं कमी होईल, पण डोक्यावर जो परिणाम झाला तो बहुतेक भरून यायचा नाही. गेल्या वर्षीच कळलं असतं तर, असं म्हणता म्हणता ते थांबले. घरातला पाईप आम्ही बदलला. रस्त्याखालचा शिशाचाच आहे. पाणीखातं म्हणतं, तुमचा नमुना चांगला होता, आता नव्यानं नंबर लावा. पाणी विकत आणतो.

तुमचे भाचे आईंशी बोलत नाहीत. माझ्या मनात राग नाही असं खोटं कशाला लिहू? खूप आहे. पण लिहायचं वेगळंच आहे.

आई आता छकुलीच्या पेल्याला हात लावत नाहीत. आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातचं दूध घेत नाही. आम्ही दोघांनी सगळं करून पाहिलं. मी कामावर जायचं सोडलं. ती पेला उचलून आईंच्या मांडीवर नेऊन ठेवते आणि वाट बघते. आई हात पाठीमागे धरून बसतात आणि रडतात. पोर वाळत चालली आहे.

डॉक्टर म्हणतात, आजीनंच पाजायला हवं. मी आईंना तसं सांगते, रोज सांगते. पण त्या माझ्या तोंडाकडे बघतात आणि नको म्हणतात. मामा, तुम्ही या आणि त्यांना सांगा. माझ्या तोंडून ते मनापासून निघत नाही.

आमच्यावर लोभ असेल तसाच राहू द्या.
सूनबाई