डाव्या पायाचं मधलं बोट

उंब्रज,
पौष वद्य पंचमी

प्रिय सुला हिस,

आक्काचा आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. हे पत्र मी माझ्या हातानं लिहितेय, अक्षराला हसू नकोस. दुसरीतनं मला काढली, त्यानंतर लिहायचा संबंध आला तो तुझे दाजी पलटणीत होते तेवढाच. एरवी मी मास्तरांना सांगते आणि ते लिहितात. पण हे मास्तरांना सांगण्यासारखं नाही. आणि एका बैठकीत लिहून झालं तर झालं, नाहीतर मी चुलीत घालीन.

तू लिहिलंस, शेजारच्या भाऊसोनं चुगली केली म्हणून प्रदर्शनात तुझ्या कोंबड्याचा पहिला नंबर गेला. आता त्याच्या दाराला पाय लावणार नाहीस. त्याची बायको बनुबाई भिंतीवरून हाक मारते तरी तू खिडकी लावून घेतेस. या वेळी मी कार्ड मास्तरांकडं नेलं नाही, अक्षर लावत स्वतःच तीनदा वाचलं. तुझे अर्जुनराव लढाईवर असताना तुला ताप भरला होता, तेव्हा सोळा दिवस ही बनुबाई तुझ्या उशाशी होती. मी आले नव्हते. लावणीचे दिवस होते असं मी सगळ्यांना सांगितलं, पण लावणी काय सोळा दिवस चालते?

तुझं सगळं असंच, सुला. मी कोंबड्या राखल्या, तू चौथी शिकलीस. मला उंब्रजला उसाच्या पाल्यात दिली, तुला सांगलीला नळाचं पाणी. आई असताना दूध आधी तुला, कारण तू किडकिडीत. मी दांडगी म्हणून मला कुणी विचारलंच नाही. आता चाळिशी उलटली तरी हे माझ्या डोक्यातनं जात नाही. जावं असं फारसं वाटतही नाही.

ती अंडी आठवतात ना? अर्जुनरावांनी पलटणीतल्या साहेबाकडून आणलेली बारा पांढरीशुभ्र अंडी तू भाताच्या तुसात घालून माझ्याकडं घेऊन आलीस, कारण तुझ्याकडं उबवायला खुडूक कोंबडी नव्हती आणि माझी काळी तेव्हा बसायला टेकली होती. अंडी एकीची, कोंबडी दुसरीची, पिल्लं निम्मी निम्मी, आणि जिची अंडी ती आधी उचलणार. आपल्या आईनं हेच केलं, तिच्या आईनंही हेच. एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली. तू वाटणीला आलीस तेव्हा डाल्याखाली सातच होती. दोन घारीनं नेली असं मी सांगितलं. घारीनं काही नेलं नव्हतं. त्यातली दांडगी दोन मी सकाळीच उचलून गोठ्यात दुसऱ्या डाल्याखाली झाकली होती. ती तिथं चिवचिवत होती आणि मी तुझ्याशी मोठ्यानं बोलत होते. तुला वाटलं असेल, आक्काला लय आनंद झालाय.

आणि तू काय केलंस? सातातली चार तुझी होती. तू तीनच घेतलीस, वर म्हणालीस, आक्का, राखण तू केलीस, चार तुला ऱ्हाऊ देत. तीन घेतलीस त्यातही एक वाकड्या बोटाचं. मला म्हणालीस, हे इथं दुसऱ्या पिल्लांच्या पायाखाली मरंल, मी नेते. मला वाटलं, काय येडी बाई आहे. तुला मोटारीत बसवून दिलं आणि घरी येऊन मी खूश होऊन चहा केला. माझी सहा झाली ना!

भादव्यात कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली. चार दिवसांत सहाच्या सहा गेली. झाकलेली दोन सगळ्यांच्या आधी.

तुझं ते वाकडं बोटवालं मात्र जगलं. तू आणि भाऊसोनं खराट्याची काडी लावून त्याचं बोट बांधलंत, रोज सोडून परत बांधलंत. बोट काही सरळ झालं नाही, डाव्या पायाचं मधलं बोट आत वळलेलंच राहिलं, पण कोंबडा असा निघाला की बघत राहावं. तुझी कार्डं यायची आणि मास्तर मला वाचून दाखवायचे. तुरा एवढा झाला, शेपटी अशी झाली. मी म्हणायचे, पुढचं वाचा, मास्तर. पुढंही कोंबडाच असायचा.

प्रदर्शनाला तूच बोलावलंस म्हणून आले. कोळशावर चालणाऱ्या मोटारीत मांडीवर माझा तांबडा कोंबडा घेऊन बसले, सगळा धूर माझ्या लुगड्याला. माझा तांबडा काय वाईट होता? पण मंडपात त्याला पार कडेला गावठ्यांच्या रांगेत बसवला, आणि एकानं मला विचारलं, "मावशी, हा जत्रंसाठी राखलाय व्हय? चांगला भरलाय." मी त्याला काय बोलले ते लिहीत नाही.

तुझ्या पिंजऱ्यापुढं मात्र दाटी. तू खाली जाड भुसकट घातलं होतंस, बोटं दिसू नयेत म्हणून. मी ओळखलं. तपासणीचे साहेब बाहेरूनच बघून पहिल्या नंबरची चिठ्ठी लावून पुढं गेले. मग तू पाणी आणायला गेलीस आणि ती कोंबड्या-सशांची नादी मंडळी तिथंच बसली. मलकापूरचे दादासो, ज्यांचा कोंबडा दुसरा आला ते, भाऊसोला चिडवत होते. "सशाला काय परीक्षा असती रं? कान धरला की झालं." भाऊसो मांडीवरच्या सशाला कुरवाळत म्हणाला, "आवं, तुमचा कोंबडा पहाटं आरडून शेजाऱ्यांशी भांडण लावतो. माझा ससा गप्प बसून खातो. मला तसाच सोबती पायजे." सगळे हसले. मीही हसले.

तेवढ्यात तू आलीस आणि मला पुढं ओढलंस. म्हणालीस, ही आमची आक्का, हिच्याच खुडूक कोंबडीखाली हा निघाला, निम्मा नंबर हिचा. चांगलं बोललीस. पण दादासो म्हणाले, "म्हंजे कोंबडी यांची आणि नशीब तुमचं." परत सगळे हसले. या वेळी मी हसले नाही. तू बनुबाईला कोंबडा दाखवायला बोलवायला गेलीस. गेलीस ते बरं झालं की वाईट, मला अजून कळत नाही.

आता लिहिते. साहेब परत त्या रांगेला आले. दादासोनं त्यांच्यादेखत भाऊसोला विचारलं, "पायात काय खोड न्हाई न्हवं? तू शेजारी, तुला ठावं असंल." भाऊसोला माहीत होतं, सुला. काडी त्यानंच बांधली होती. पण तो सशाच्या कानावरनं हात फिरवत बसला. बोलले मी. मी म्हणाले, भुसकट बाजूला करा आणि डाव्या पायाचं मधलं बोट बघा. माझ्या डाल्यात जन्मलंय, मला ठाऊक आहे. साहेबांनी बघितलं, खोड असलेल्याला नंबर नाही म्हणाले आणि चिठ्ठी काढून दादासोच्या पिंजऱ्याला लावली. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. तू येताना दिसलीस तोवर बरं वाटत होतं.

मग तुला वाटलं, काडी बांधणाऱ्यानंच सांगितलं, आणि तू भरल्या मंडपात भाऊसोला वाट्टेल ते बोललीस. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि खाली मान घातली. मी तांबडा काखेत धरून तिथंच उभी होते. तू रडत माझ्याच खांद्यावर डोकं ठेवलंस. आज महिना होत आला, त्यानं अजून माझं नाव घेतलेलं नाही, हे तुझ्या कार्डावरून कळलं. परक्या माणसानं माझी लाज राखली. ते मला सोसवेना, म्हणून हे पत्र.

आधी त्याच्या दारात जा, मग मला काय शिव्या द्यायच्या त्या दे. काळी पुन्हा खुडूक बसलीय. मोटारीवरच्या क्लीनरबरोबर तिला डाल्यासकट पाठवतेय, खाली दोन अंडी ठेवलीत म्हणजे वाटेत उठायची नाही. तुझ्या कोंबड्यापासनं झालेली अंडी तिच्याखाली घाल. या वेळी पिल्लं तुझ्या दारात निघू देत, वाटणी तूच कर, बनुबाईला समोर बसव. मी मागनं उचलीन. वाकड्या बोटाचं दिलंस तरी नेईन. चांगलं दिलंस तर मात्र मी पुन्हा तुझ्यावर जळेन, ते आत्ताच सांगून ठेवते.

तुझीच,
आक्का (राही)